रंगुबाईचं नाक

रंगुबाईंनी आयुष्यात वाइनचा थेंब तोंडात घेतलेला नाही. गळ्यात तुळशीची माळ आहे, आणि ती नुसती दाखवायला घातलेली नाही. तरीही पहिल्यांदाच वाइन प्यायला आलेल्या माणसाच्या हातात कोणता ग्लास द्यायचा, हे त्यांच्याइतकं बरोबर सांगणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. हे लिहिताना मला फार आनंद होतोय असं समजू नका. मी नाशिकला राहून सहा महिन्यांचा रीतसर कोर्स केलाय. सर्टिफिकेट काचेच्या फ्रेममध्ये घालून आमच्या टेस्टिंग रूमच्या भिंतीवर लावलंय. पाहुणे आत येतात, त्याच्याखालच्या खुंटीला पिशवी अडकवतात आणि विचारतात, "त्या आजी कुठायत?"

मी निकिता, मूळची नगरची. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला अजून वळण पडलेलं नाही. पुणतांब्याहून नदीच्या कडेकडेने पाच-सहा किलोमीटर आलं की ओंकारची वाइनरी लागते. वाइनरी म्हटल्यावर डोळ्यांपुढे महाल आणू नका. त्याच्या वडिलांच्या पेरूच्या बागेशेजारी चार एकर वाइनची द्राक्षं, एक पत्र्याची मोठी शेड, तिच्यात स्टीलच्या टाक्या, आणि पुढच्या बाजूला वीस माणसं बसतील एवढी खोली. शनिवार-रविवारी पुणे, नाशिक, संगमनेरकडची माणसं येतात. ओंकार टाक्या सांभाळतो, मी त्याच्याकडे नोकरीला, पाहुण्यांना वाइन चाखवते. दहातले आठ जण पहिल्यांदाच घेणारे असतात, आणि आमचा धंदा तिथेच तरतो किंवा बुडतो. पहिला घोट आवडला तर माणूस बाटली घेऊन जातो. नाही आवडला तर जन्मभर सांगत सुटतो की वाइन म्हणजे नासक्या द्राक्षांचं पाणी.

रंगुबाई आमच्याकडे आल्या त्या कामगारांच्या स्वयंपाकासाठी. जवळच्याच वस्तीवर राहतात. नवरा साखर कारखान्यातून निवृत्त झालेला, मुलगा सुप्याच्या एमआयडीसीत कामाला. सकाळी येऊन दहा माणसांच्या भाकऱ्या आणि कालवण करायचं, दुपारी भांडी घासून घरी जायचं, एवढंच ठरलं होतं.

पहिल्याच महिन्यातल्या एका रविवारी त्या ग्लास गोळा करायला खोलीत आल्या. सहा बायकांचा एक ग्रुप नुकताच गेला होता. चार ग्लासांतली तांबडी वाइन तशीच होती आणि दोन ग्लास कोणीतरी खिडकीतल्या कोरफडीच्या कुंडीत ओतले होते.

"ह्यांनी टाकलं का गं? चांगलं न्हाई का ते?" रंगुबाईंनी विचारलं.

"आपल्याकडचं सगळ्यात भारी आहे, मावशी," मी चिडून म्हटलं. "लोकांना कळत नाही, त्याला मी काय करू?"

त्यांनी एक ग्लास उचलून नाकाजवळ नेला. डोळे मिटले. "जांभळाच्या सालीगत वास हाय. जिभंला धरत असंल. ज्या बाईनं टाकलं ती चहात किती साखर घेती, इचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं. कोर्समध्ये ते नव्हतं.

"ज्याला कारलं सोसत न्हाई, त्याला पयल्यांदाच कारलं वाढलं तर ते पंगतीतनंच उठतंय," असं म्हणून त्या ग्लास घेऊन मोरीकडे गेल्या. मी मागून जीभ दाखवली. खोटं कशाला बोलू.

हे नाक त्यांना कुठून मिळालं ते सांगायला हवं. त्यांच्या गावात दरवर्षी श्रावणात हरिनाम सप्ताह असतो. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं आणि मग सगळ्या गावाला आमटी-भाकरीचा प्रसाद. भाकऱ्या घराघरांतून गोळा होतात, आमटी मात्र देवळाच्या मागे एकाच जागी शिजते. तिच्यातली पहिली वाटी देवाला जाते. त्याआधी ती कुणी चाखायची नाही, चाखली तर उष्टी झाली. म्हणजे काहिलीभर आमटी न चाखता बरोबर उतरवायची. बावीस वर्षं हे काम रंगुबाईंकडे आहे, त्याआधी त्यांच्या सासूकडे होतं. फोडणी करपली का, डाळ शिजली का, मसाल्याचा कच्चेपणा गेला का, चिंच वर आली का, सगळं वाफेवरून ओळखायचं.

"मीठ तेवढं नाकाला कळत न्हाई," त्या मला म्हणाल्या होत्या. "मीठ हाताला कळतं. सासूबाईंनी माझी मूठ बघून माप ठरवलंय. एका काहिलीला अकरा मुठी."

पुढच्या रविवारी मी त्यांची गंमत करायची म्हणून एका पाहुण्याला चहातली साखर विचारली. त्याने न लाजता उत्तर दिलं. वाइनमध्ये तुम्हाला काय आवडतं असं विचारलं की एरवी असाच माणूस शाळेत फळ्यापुढे उभा केल्यासारखा गप्प व्हायचा. मग मी रंगुबाईंनाच स्वयंपाकघरातून बोलावून घेतलं, आणि ती माझी पहिली चूक ठरली, कारण त्या दिवसापासून मला कोणी विचारेना.

त्यांचे प्रश्न चारच. चहात साखर किती? ताक गोडं आवडतं का आंबलेलं? पेरू तिखटमीठ लावून खाता का नुसता? पान खाता तर कात चालतो का? मग त्या दोन-तीन बाटल्यांचा वास घ्यायच्या आणि बोट दाखवायच्या. दोन चमचे साखरवाल्याला थंडगार गोडसर पांढरी. आंबट ताकवाल्याला दुसरी पांढरी, जिच्यात गोडी नसते. कारलं, मेथी आणि काताचं पान खाणाऱ्या एका आजोबांना त्यांनी थेट तांबडी दिली. मी म्हणत होते पहिल्याच वेळी नको. आजोबा दोन बाटल्या घेऊन गेले. ज्याला काहीच सांगता येईना, त्याला गुलाबी. ग्लास हातात दिला की वर एक सूचना असायची: "घटाघटा न्हाई प्यायचं. द्राक्षासवागत घ्यायचं. ल्हानपनी घेतलंय ना?" द्राक्षासव म्हटलं की माणूस सैल पडतो. आईने चमच्याने पाजलेलं ते औषध प्रत्येकाला आठवतं आणि आपण काही भलतंसलतं करतोय ही धाकधूक जाते.

कोर्समधल्या मॅडम आम्हाला चेरी, व्हॅनिला, हिरवं सफरचंद असले वास शिकवायच्या. रंगुबाई म्हणायच्या, कच्च्या पेरूचा वास, नव्या घोंगडीचा वास, पावट्याच्या शेंगा सोलल्यावर हाताला येतो तो वास. पाहुणे जोरजोरात माना डोलवायचे.

यात माझाही वाटा होता, तो कुणाला दिसायचा नाही. नवी वाइन बाटलीत भरली की मी चाखायचे आणि त्यांना सांगायचे, ही गोड आहे, ही आंबट, ही जिभेला धरते. माझं बोलणं रंगुबाई वासाशी जोडून पक्कं लक्षात ठेवायच्या. एकदा सांगितलेलं पुन्हा विचारलं नाही. दोन वर्षांत त्यांचा एकही ग्लास परत आला नाही.

आणि नेमकं तेच त्यांच्या मुळावर आलं.

गेल्या वर्षी सप्ताहाच्या पंधरा दिवस आधी कोणा पाहुण्याने मोबाईलवर व्हिडिओ काढला. डोक्यावर पदर, गळ्यात माळ, नाकाजवळ ग्लास. तो फिरत फिरत सप्ताह कमिटीच्या ग्रुपवर गेला. कमिटीचे अध्यक्ष बन्सीअण्णा, रंगुबाईंच्या भावकीतले थोरले. सत्तरीचं वय, स्वच्छ धोतर, स्वच्छ व्यवहार. माणूस सरळ, पण एकदा मनात बसलं की बसलं. ते दुसऱ्याच दिवशी रंगुबाईंच्या घरी गेले. काय बोलणं झालं ते त्यांनी मला भाकऱ्या थापता थापता सांगितलं.

"लोकं म्हनत्यात तू रोज घेतीस," अण्णा म्हणाले.

"एक थेंब न्हाई घेतला, अण्णा."

"मंग न चाखता एवढं बरोबर कसं सांगतीस? त्या व्हिडिओत ती मानसं म्हनत्यात, आजींचं कधी चुकत न्हाई. चाखल्याबिगर हे कसं जमंल?"

"आमटीचं जमतं तसं."

अण्णांनी मग ठेवणीतलं काढलं. "शास्त्रात सांगितलंय, घ्राणेन अर्धभोजनम्. नुसता वास घेतला तरी अर्धं जेवन झालं. म्हंजे अर्धी तर तू प्यालीसच."

"मंग बावीस वर्सं देवाच्या आदी मी अर्धी आमटी जेवले," रंगुबाई म्हणाल्या. "तवा का गप बसला तुमी?"

यावर अण्णा जास्तच चिडले. येत्या शनिवारी मी स्वतः येऊन बघणार, म्हणाले. रविवारी कमिटीची बैठक आहे. तोवर खात्री पटली नाही तर यंदा आमटीला दुसरी बाई उभी राहील.

सांगता सांगता रंगुबाईंचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपू लागली आणि त्यांना कळलं नाही. त्यांना. मी उलथण्याने ती काढली तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

ओंकारने तोडगा काढला. "मावशी, तुम्ही सप्ताह होईपर्यंत खोलीत येऊच नका. स्वयंपाकघरातच राहा. आपोआप मिटेल."

"लपले तर पितीया असंच ठरंल," त्या म्हणाल्या. "ही नोकरी गेली तर दुसरी मिळंल मला. पन त्या काहिलीपाशी दुसरी बाई उभी राह्यली तर मी देवळात जाऊ कुठल्या तोंडानं? सासूनं दिल्यालं एवढंच एक हाय माझ्यापाशी."

त्या आठवड्यात मी पुष्कळ विचार केला आणि एकच गोष्ट लक्षात आली. त्या जितकं बरोबर सांगणार तितका गावाचा संशय पक्का होणार. न प्यायल्याचा पुरावा कुणी कसा द्यायचा? मी ओंकारला म्हटलं, मी साक्ष देते. तो म्हणाला, तुझा पगार वाइनवरच चालतो, तुझ्या साक्षीला कोण विचारतंय. बरोबरच होतं.

आता शनिवार. इथून पुढचं सांगायला मला जड जातं.

अण्णा अकराच्या सुमाराला आले. ओंकार पाया पडला. कोपऱ्यातली खुर्ची त्यांनी स्वतः पुसली, घरून आणलेली पाण्याची बाटली मांडीवर घेतली आणि बसले. खोलीत तेव्हा पुण्याचा एक ग्रुप होता. रंगुबाईंनी सात जणांना सात ग्लास दिले आणि सातही बरोबर बसले. प्रत्येक "वा"बरोबर अण्णांची मान संशयाने थोडी थोडी हलत होती. जाताना त्या लोकांना आजींबरोबर फोटो हवा होता. त्यातली एक मुलगी मला म्हणाली, "ताई, तुम्ही जरा बाजूला होता का? मागे पसारा दिसतोय." पसारा म्हणजे मी आणि माझं सर्टिफिकेट.

माझा स्वभाव वाईट आहे. तो राग मी गिळला नाही, धरून ठेवला.

दोनच दिवसांपूर्वी ओंकारने एक नवी पांढरी बाटलीत भरली होती, मस्कत जातीच्या द्राक्षांची. झाकण काढलं की खोलीभर मध, पिकलेला पेरू, मोगरा. आणि जिभेवर ठेवली की गोडीचा मागमूस नाही. साखर सगळी टाकीतच आंबून संपलेली. मी ती चाखली होती. एरवी नवी बाटली उघडली की मी रंगुबाईंना लगेच सांगायचे. त्या दिवशी सांगितलं नाही. गडबडीत राहून गेलं, असं नंतर मी स्वतःला दोनदा सांगून पाहिलं, पण ते खरं नव्हतं. एकदा तरी यांचं चुकू दे, असं माझ्या मनात होतं. कोपऱ्यात अण्णा बसलेत, आज या बाईचं काय पणाला लागलंय, हे माहीत असूनही होतं.

पुण्याची मंडळी गेली आणि संगमनेरचं एक जोडपं आलं. राधाकृष्ण गुरुजी, निवृत्त शिक्षक, आणि त्यांच्या पत्नी. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून लेकीने फोनवरून जागा राखून त्यांना पाठवलं होतं. दोघांनीही आयुष्यात कधी घेतलेली नव्हती. गुरुजी उत्साहात होते. बाईंनी मात्र कोपऱ्यातले अण्णा पाहिले आणि सासरे बसलेत अशा बेताने पदर सावरला.

"चहात साखर किती घेता, बाई?" रंगुबाईंनी विचारलं.

"अडीच चमचे. डॉक्टर ओरडतात."

"अन् ताक?"

"साखर घालून."

गुरुजी हसले. रंगुबाईंनी नेहमीची गोडसर पांढरी नाकाशी नेली, ठेवली. मग नवी उचलली. तिच्यावर त्यांचं नाक थबकलंच. "मधाचं पोळं काढल्यागत वास हाय. ही द्या बाईंला." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दर वेळी पाहायच्या तशा, मी मान हलवेन म्हणून.

मी फडक्याने एक ग्लास पुसला. मान हलवली नाही, नाहीही म्हटलं नाही. ओतली.

बाईंनी वास घेतला आणि चेहरा उजळला. रंगुबाईंनी सांगितल्याप्रमाणे द्राक्षासवासारखा छोटा घोट घेतला. पुढच्या क्षणी डोळे घट्ट मिटले, ओठ वाकडे झाले, खांदे वर गेले.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "आंबट आहे हो ही. मला वाटलं बासुंदीसारखी असेल."

गुरुजींनी ग्लास घेऊन चाखला. "आंबट आणि तुरट," त्यांनी पेपर तपासल्यासारखं सांगितलं.

रंगुबाईंनी ग्लास परत घेऊन पुन्हा वास घेतला. मग बाटलीचा घेतला. "आंबट कशी असंल?" त्या कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाल्या. "गोड हाय की ही." त्यांचा चेहरा माझ्याने बघवेना. वाटेत पाय घसरल्यावर माणूस जमिनीकडे बघतं तशा रंगुबाई ग्लासाकडे बघत होत्या.

एवढ्यात ओंकार खोकी घेऊन आत आला. काय झालं ते त्याने गुरुजींकडून ऐकलं आणि रंगुबाईंना धीर द्यायला म्हणून बोलून गेला, "मावशी, तुमची काही चूक नाही. ह्या वाइनचा वास तेवढा गोड राहतो, साखर टाकीतच संपते. एक थेंब जिभेला लावला असता तर लगेच कळलं असतं. नुसत्या वासावर कुणीही फसणार."

कोपऱ्यातली खुर्ची सरकली. अण्णा उभे राहिले होते.

"काय म्हनालास? परत सांग."

ओंकारने परत सांगितलं. आता त्याच्याही लक्षात आलं होतं आपण काय बोललो ते, त्यामुळे त्याने सावकाश आणि स्पष्ट सांगितलं.

अण्णा टेबलापाशी आले. "बघू," म्हणाले. ग्लास उचलला, हातभर लांब धरला, जरा विचार केला, मग जवळ आणला. मग आणखी जवळ. "गोडच हाय की ही," ते म्हणाले.

"नाही, अण्णा."

"मधागत वास येतुया, अन् गोड न्हाई म्हनतोस?" त्यांनी बाईंकडे वळून विचारलं, "ताई, खरंच आंबट हाय?"

"खरंच हो. दात आंबले माझे."

अण्णांनी आणखी एकदा ग्लासाचा वास घेतला. मग रंगुबाईंकडे बघितलं. "म्हंजे तू खरंच कधी चाखली न्हाईस."

"आठवडा झाला त्येच सांगतीया," रंगुबाई म्हणाल्या. आणि मग पदर तोंडावर ओढत, "पन अण्णा, वास घेतलासा तुमी. अर्धं जेवन झालं तुमचं."

संस्कृत कळणारे गुरुजी आधी हसले. अण्णांनी ग्लास झटकन खाली ठेवला, गळ्यातल्या माळेला हात लावला, रागावायचा प्रयत्न केला, आणि तो काही त्यांना जमला नाही. हसत हसतच ते बाहेर पडले. दारातून वळून म्हणाले, "उद्या बैठकीत काय बोलायचं ते मी बोलतो. तू डाळ निवडून ठिव."

रंगुबाईंनी बाईंना नेहमीची गोडसर पांढरी दिली. बाईंनी तिचे दोन ग्लास घेतले आणि जाताना बाटली घेतली, लेकीला दाखवायला. सगळं मार्गी लागलं होतं. पण दुपारी मी मागे गेले तेव्हा रंगुबाई स्वयंपाकघराच्या पायरीवर बसल्या होत्या.

"मीठ नाकाला कळत न्हाई, हे मीच साऱ्यांना सांगती," त्या म्हणाल्या. "मंग गोडी तरी कशी कळंल? एवढं साधं ध्यानात आलं न्हाई माझ्या. लोकांनी लई नावाजलं ना, म्हनून."

तेव्हाच सांगायला हवं होतं मी. सांगितलं नाही.

कमिटीने काम त्यांच्याकडेच ठेवलं. काल्याच्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. मी गेले तेव्हा देवळामागे चर खणून चूल पेटवलेली होती आणि तिच्यावर एकच प्रचंड काहील होती. गर्दी वाढली म्हणून अण्णांनी यंदा श्रीरामपूरहून मोठी आणवली होती. कीर्तन स्पीकरवर ऐकू येत होतं. रंगुबाई वाफेत नाक धरून उभ्या होत्या. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि काहिलीकडे बघत एका दमात सगळं सांगून टाकलं. की मला माहीत होतं. की मी मुद्दाम गप्प बसले.

त्यांनी चुलीतलं लाकूड जरा मागे ओढलं. "मला ठावं हाय," म्हणाल्या.

"कसं?"

"त्या बाईनं घोट घ्यायच्या आदीच तू तिच्या तोंडाकडं बघत हुतीस."

मला रडू आलं. धुराने आलं असं मी म्हणणार होते, पण आता खोटं बोलून काय उपयोग होता. "माफ करा, मावशी," मी म्हटलं. "तुमची चूल गेली असती माझ्यामुळे."

"गेली न्हाई. ऱ्हायली तीबी तुझ्यामुळंच." त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं, जरा जोरातच पुसलं. "पन पुन्यांदा गप बसू नगंस. नाक माझं हाय, पन जीभ तुझीच हाय. तू बोलली न्हाईस तर मी आंधळीच की."

कीर्तन संपलं. रंगुबाईंनी पहिली वाटी भरून दिली, ती झाकून देवळात गेली. घंटा वाजली, नैवेद्य दाखवून झाला. आता आमटी चाखायला मोकळी होती. दर वर्षीच्या रिवाजाप्रमाणे पहिला घोट अण्णांनी घेतला आणि दर वर्षीप्रमाणे म्हणाले, "झकास." भोवतीच्या माणसांनी बादल्या पुढे केल्या. पंगती बसल्या होत्या.

रंगुबाईंनी हात करून त्यांना थांबवलं. एक वाटी भरली आणि माझ्या हातात दिली. "तू सांग," म्हणाल्या.

सगळी कमिटी माझ्याकडे बघू लागली. वाइनच्या दुकानातली नगरची पोरगी, सप्त्याच्या आमटीवर मत देणार. मी फुंकर मारून घोट घेतला. मसाला सुरेख उतरला होता, चिंच जिथल्या तिथे होती, आणि मीठ कमी होतं. मी अण्णांकडे पाहिलं. ते मिशीत हसत माझ्याकडे बघत होते. झकास म्हणून मोकळं होणं फार सोपं होतं.

"मीठ कमी आहे, मावशी," मी म्हटलं.

अण्णांनी परत वाटी तोंडाला लावली, जीभ टाळ्याला लावून पाहिली. "हाय जरा कमी," ते हळूच म्हणाले.

"बावीस वर्सांत कुनी सांगितलंच न्हाई," रंगुबाई म्हणाल्या. मग काहिलीकडे बघून, "काहील यंदा मोठी हाय. मूठ तेवढीच ऱ्हायली. किती टाकू?"

"दोन मुठी टाकून बघा."

त्यांनी मिठाच्या पोत्यात हात घातला. एक मूठ टाकली, दुसरी टाकली, मोठ्या पळीने तळापासून ढवळलं. पंगतीतून कोणीतरी आमटी आणा म्हणून ओरडत होतं. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. पुन्हा वाटी भरली आणि माझ्यापुढे धरली.

"आता?"

मी चाखली. "आता बरोबर," मी म्हटलं, आणि त्यांनी बादलीवाल्यांना पुढे या म्हणून खूण केली.